किरकोळ आजारात त्याच दिवशी व्हिडिओवर डॉक्टरांचा सल्ला कसा घ्यावा

सर्दी-पडसे, खवखवणारा घसा, जुलाब, आलेले डोळे, अंगावर उठलेली खाज किंवा लघवीची जळजळ अशा तक्रारींसाठी धंतोली-रामदासपेठेतील गर्दीच्या दवाखान्यात अर्धा दिवस घालवण्याऐवजी त्याच दिवशी घरून व्हिडिओवर डॉक्टरांशी बोलणे आता नागपुरातही पुष्कळांच्या अंगवळणी पडले आहे. मे महिन्यात पारा पंचेचाळिशीपार गेलेला असताना तापाने फणफणलेल्या माणसाला दुचाकीवर मागे बसवून नेण्यापेक्षा ते बरेही पडते. मात्र या भेटीत डॉक्टरांचा हात रुग्णाला लागत नाही. पोट दाबून पाहणे, छातीला स्टेथोस्कोप लावणे, कानात डोकावणे यांतले काहीच होत नसल्यामुळे तपासणीचा मोठा वाटा रुग्णाला आणि घरच्यांना उचलावा लागतो. तो नीट उचलला तर दहा मिनिटांची भेट पुरते. न उचलल्यास डॉक्टर एक तर अंदाजाने औषध लिहितात किंवा ‘प्रत्यक्ष दाखवा’ असे सांगून थांबतात, आणि या दोहोंपैकी दुसरे केव्हाही बरे.

आधी ठरवावे: फोन की दवाखाना

छातीत दुखणे किंवा दडपण येणे, धाप लागून वाक्य पुरे न होणे, तोंड अचानक वाकडे होणे, एका बाजूच्या हातापायांतील शक्ती जाणे, झटके, शुद्ध हरपणे, असंबद्ध बोलणे किंवा न थांबणारा रक्तस्राव यांपैकी काहीही असेल, तर ॲप उघडू नये. १०८ वर रुग्णवाहिका बोलवावी आणि नागपुरातील मेडिकल व मेयो ही सरकारी रुग्णालये, मिहानमधील एम्स किंवा जे मोठे रुग्णालय जवळ असेल तिथे पोहोचावे. केंद्र सरकारने २५ मार्च २०२० रोजी जाहीर केलेल्या टेलिमेडिसिनच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसारही आणीबाणीच्या प्रसंगी दूरस्थ डॉक्टरांनी प्रथमोपचार सांगून रुग्णाला तातडीने प्रत्यक्ष उपचारांकडे पाठवायचे असते, त्यामुळे अशा वेळी रांगेत घालवलेली मिनिटे निव्वळ वाया जातात. साप किंवा विंचू चावल्यासही हेच लागू आहे. कुत्रा चावल्यास जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी आणि रेबीजच्या लसीसाठी त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. जखम केवढी लहान आहे हे व्हिडिओवर दाखवून निर्णय मागण्यात अर्थ नाही.

उन्हाळ्यात आणखी एक भेद ओळखावा लागतो. उन्हातून आल्यावर डोके दुखत असेल, मळमळत असेल, पिंडऱ्यांत गोळे येत असतील, पण माणूस नीट बोलत असेल आणि पाणी पोटात टिकत असेल, तर फोनवरचा सल्ला चालतो. अंग भट्टीसारखे तापले असून माणूस बरळू लागला किंवा सुस्तावला असेल, तर तो उष्माघात समजावा, रुग्णवाहिका येईपर्यंत त्याला सावलीत घ्यावे, कपडे सैल करावेत, अंगावर पाणी ओतत पंखा किंवा कूलर सुरू ठेवावा, आणि शुद्ध नीट नसताना तोंडात पाणी घालू नये.

काही रुग्णांच्या बाबतीत आजार किरकोळ दिसला तरी प्रत्यक्ष तपासणीच योग्य ठरते. तीन महिन्यांहून लहान बाळाला १००.४ अंश फॅरनहाइट किंवा अधिक ताप असेल, तर त्याला त्याच दिवशी बालरोगतज्ज्ञांना दाखवले पाहिजे. विदर्भात सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराचे रुग्ण बरेच आहेत आणि त्यांचा ताप हा कधीच ‘साधा ताप’ धरायचा नसतो, कारण त्यांच्यात जंतुसंसर्ग फार वेगाने बळावतो. केमोथेरपी सुरू असलेले, अवयव प्रत्यारोपण झालेले आणि ताप आलेल्या गरोदर स्त्रिया यांनाही हाच न्याय लावावा. पोटदुखी बेंबीजवळून उजवीकडे खाली सरकून एका जागी ठरली असेल आणि तिथे हात लावू देववत नसेल, तर ती व्हिडिओवर कळत नाही. तरुण मुलाच्या वृषणात अचानक कळ उठली, तर संकोचापोटी घरी बसून ऑनलाइन डॉक्टर शोधणे महागात पडते. वृषणाला पीळ पडला असल्यास तो सोडवण्यासाठी हाताशी काही तासच असतात.

या सगळ्यांच्या बाहेर राहणाऱ्या तक्रारी मात्र पुष्कळ आहेत आणि त्याच या सोयीचा खरा विषय आहेत. धाप नसलेली सर्दी आणि खोकला, रक्त नसलेले जुलाब, नेहमीची ॲसिडिटी, ठाऊक असलेली अर्धशिशी, ॲलर्जीच्या गांधी, नायटा, अवघडलेली कंबर आणि चालू औषधे पुढे लिहून घेणे ही कामे व्हिडिओवर चांगली होतात. डोळे आले असतील तर उलट घरीच थांबलेले सर्वांच्या हिताचे, कारण प्रतीक्षागृहात बसून तो संसर्ग दहा जणांना देता येतो. पण डोळा खूप दुखत असेल, उजेड सहन होत नसेल, अंधूक दिसत असेल किंवा कॉन्टॅक्ट लेन्स वापरात असेल, तर नेत्रतज्ज्ञांकडे जावे. लघवीची जळजळ गरोदर नसलेल्या स्त्रीला असेल आणि थंडी-ताप किंवा पाठीत कळ नसेल, तर सल्ला फोनवर मिळू शकतो. पुरुष, लहान मुले आणि गरोदर स्त्रिया यांच्या बाबतीत लघवीची तपासणी आणि प्रत्यक्ष भेट हवी.

पावसाळ्यातला ताप

तापाबद्दल थोडे सविस्तर लिहायला हवे, कारण जुलै ते ऑक्टोबर या काळात नागपुरात येणारा ताप पहिल्या दिवशी सगळा सारखाच दिसतो. तो साधा विषाणूजन्य असू शकतो, डेंग्यू असू शकतो, किंवा २०२४ च्या पावसाळ्यात शहरात मोठी साथ आलेला चिकुनगुनियाही असू शकतो. उन्हाळा संपल्यावर न उपसता ठेवलेल्या कूलरच्या टाकीत डेंग्यूचा डास वाढतो, हे इथे कोणाला सांगावे लागत नाही, आणि तरीही दरवर्षी टाक्या भरलेल्याच राहतात.

अशा तापात पहिल्या दिवशी व्हिडिओवर सल्ला घेण्यास हरकत नाही. त्या भेटीचा उपयोग ताप मोजण्याची पद्धत, पॅरासिटामॉलचा डोस, किती पाणी प्यावे आणि रक्ततपासणी केव्हा करावी हे ठरवून घेण्यासाठी करावा. डेंग्यूची एनएस-१ ही चाचणी तापाच्या पहिल्या पाच दिवसांत उपयोगी पडते, नंतर प्रतिपिंडांची चाचणी करावी लागते. म्हणून ताप नेमका कोणत्या दिवशी आणि साधारण किती वाजता सुरू झाला, हे लिहून ठेवणे महत्त्वाचे आहे. डेंग्यूची शक्यता मिटेपर्यंत ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक असलेली गोळी स्वतःहून घेऊ नये, कारण त्यांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो, आणि अंगदुखीसाठी औषधाच्या दुकानातून सुट्या मिळणाऱ्या गोळ्यांत बहुधा हीच औषधे असतात.

डेंग्यूचा फसवा भाग असा की धोक्याची चिन्हे बहुधा ताप उतरताना, म्हणजे तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या सुमारास दिसतात. ताप गेला म्हणून घरचे निर्धास्त होतात आणि त्याच दिवशी पोट जोरात दुखू लागते, उलट्या थांबत नाहीत, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त येते, हातपाय गार पडतात, लघवी कमी होते. यांतील एक चिन्ह दिसले तरी व्हिडिओची पुढची वेळ न घेता रुग्णालयात जावे.

स्क्रब टायफसचेही भान ठेवावे. २०१८ च्या पावसाळ्यात नागपूर आणि विदर्भात त्याचे रुग्ण मोठ्या संख्येने सापडले होते आणि त्यांत मृत्यूही झाले. गवतात-झुडपांत राहणाऱ्या माइट या सूक्ष्म किड्याच्या चाव्याने हा आजार होतो आणि चाव्याच्या जागी अनेकदा सिगारेटचा चटका बसल्यासारखी काळी खपली धरते. ती काखेत, जांघेत, कमरेच्या पट्ट्याखाली लपलेली असते आणि दुखत नसल्याने रुग्णाच्या लक्षातही येत नाही. काटोल, उमरेड किंवा रामटेककडे शेतावर जाणे झाले असेल, तर डॉक्टरांनी विचारले नाही तरी ते सांगावे आणि अंग नीट पाहून घ्यावे. ही खपली वेळेवर सापडली, तर निदान सोपे होते आणि डॉक्सिसायक्लीनसारख्या साध्या औषधाने आजार आटोक्यात येतो.

डॉक्टर कोणते

पहिली पसंती आपल्या फॅमिली डॉक्टरांनाच द्यावी. त्यांना आपला मधुमेह, आपली पेनिसिलिनची ॲलर्जी आणि आपला घाबरटपणा हे सगळे आधीपासून ठाऊक असते, आणि मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे प्रत्यक्ष भेटीनंतर त्याच आजारासाठी सहा महिन्यांच्या आत घेतलेला सल्ला पाठपुरावा मानला जात असल्याने औषधे लिहिण्यास त्यांना जास्त मोकळीक असते. बहुतेक डॉक्टर दुपारच्या वेळेत व्हिडिओसाठी थोडा वेळ देतात, परंतु दवाखान्यात फोन करून तो ठरवून घ्यावा. डॉक्टरांच्या वैयक्तिक व्हॉट्सॲपवर रात्री फोटो पाठवून ‘काय घेऊ?’ असे विचारण्याला सल्ला म्हणत नाहीत, आणि त्याची शुल्काची पावतीही मिळत नाही.

ते उपलब्ध नसतील, तर केंद्रीय आरोग्य मंत्रालयाची ई-संजीवनी ही विनामूल्य सेवा आहे. मोहालीच्या सी-डॅक या सरकारी संगणक संशोधन संस्थेने ती विकसित केली आहे. संकेतस्थळावर किंवा ॲपमध्ये मोबाइल क्रमांक आणि त्यावर आलेला ओटीपी भरून नोंदणी करावी, राज्य आणि ओपीडी निवडावी, तक्रार लिहावी आणि टोकन घेऊन आपली पाळी येईपर्यंत थांबावे. भेट संपल्यावर प्रिस्क्रिप्शन तिथूनच उतरवून घेता येते. ओपीडीच्या वेळा ठरलेल्या असतात, त्या आधी पाहून घ्याव्यात. ज्यांना स्मार्टफोन जमत नाही किंवा गावात नेटवर्क धरत नाही, त्यांना जवळच्या आयुष्मान आरोग्य मंदिरात, म्हणजे सरकारी आरोग्य केंद्रात, जाऊन तिथल्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्यामार्फत दूरच्या डॉक्टरांशी बोलता येते, आणि माझ्या मते हा मार्ग वडीलधाऱ्यांसाठी जास्त चांगला आहे, कारण तिथे निदान रक्तदाब आणि ताप मोजणारे प्रशिक्षित माणूस समोर असते.

खासगी ॲपवर डॉक्टर अपरिचित असतात, म्हणून पैसे भरण्यापूर्वी नाव, पदवी आणि नोंदणी क्रमांक पाहावा आणि तो महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या किंवा संबंधित परिषदेच्या संकेतस्थळावर तपासावा. डॉक्टर दुसऱ्या राज्यातले असले तरी चालतात, फक्त मराठी किंवा हिंदीत मनमोकळे बोलता येईल याची खात्री करावी. लक्षणे तोडक्या-मोडक्या इंग्रजीत सांगण्यात निम्मी माहिती गळून पडते. आधी चॅटवर यंत्राने प्रश्न विचारले तर उत्तरे द्यावीत, मात्र औषध नोंदणीकृत डॉक्टरांनीच लिहिलेले असले पाहिजे.

भेटीपूर्वीची तयारी

एका कागदावर वय, वजन, तक्रार कधी सुरू झाली, त्यानंतर काय काय बदलले, आतापर्यंत कोणती गोळी किती वाजता घेतली, आधीपासूनचे आजार, ॲलर्जी, आणि स्त्री असल्यास शेवटची पाळी हे लिहावे. मुलांचे वजन त्याच दिवशी करावे, कारण त्यांचा डोस किलोवर ठरतो. घरातल्या औषधांची नावे वाचून दाखवण्यापेक्षा पट्ट्याच कॅमेऱ्यासमोर धराव्यात. त्वचेच्या तक्रारीत आधी लावलेले मलम लपवू नये: दुकानातून सांगोवांगी आणलेल्या नायट्याच्या मलमांत बरेचदा स्टेरॉइड असते, त्याने खाज चार दिवस थांबते आणि नायटा पसरत व ओळखेनासा होत जातो.

ताप डिजिटल थर्मामीटरने मोजावा. हात लावून ‘अंग गरम आहे’ असे सांगणे पुरेसे नाही. बोटाला लावून रक्तातील ऑक्सिजनची टक्केवारी दाखवणारा पल्स ऑक्सिमीटर असेल तर बोटावरची नेलपॉलिश काढावी, मेंदी लागलेले बोट टाळावे, हात गार असल्यास चोळून उबदार करावा आणि आकडा स्थिर झाल्यावरच लिहावा. निरोगी माणसाचा आकडा ९४ च्या खाली टिकून राहिला, तर फोनवर न थांबता रुग्णालयात जावे. रक्तदाब मोजण्यापूर्वी पाच मिनिटे स्वस्थ बसावे.

खोकणाऱ्या मुलाच्या बाबतीत सर्वांत मोलाची माहिती कोणत्याही यंत्राविना मिळते. मूल शांत किंवा झोपलेले असताना त्याचा सदरा वर करून पूर्ण एक मिनिट श्वास मोजावेत. दोन महिन्यांपर्यंतच्या बाळात ६०, दोन ते बारा महिन्यांत ५० आणि एक ते पाच वर्षांच्या मुलात ४० किंवा त्याहून अधिक श्वास असतील, तर तो न्यूमोनियाचा इशारा समजला जातो. श्वास घेताना छातीचा खालचा भाग आत ओढला जात असेल, तर आकडा कितीही असो, मुलाला ताबडतोब घेऊन निघावे. श्वासाचा अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ काढून ठेवल्यास डॉक्टरांना तो फार उपयोगी पडतो.

पुरळ, सूज किंवा डोळा यांचे फोटो खिडकीजवळच्या उजेडात, फ्लॅश न वापरता काढावेत. एक जवळून आणि एक थोडे दुरून, म्हणजे जागा कळते. पुरळावर काचेचा पेला दाबून पाहावा, आणि दाबूनही डाग फिके होत नसतील व सोबत ताप असेल, तर पुन्हा रुग्णालय. घशाचा फोटो काढताना दुसऱ्याने टॉर्च धरावा आणि रुग्णाने ‘आ’ म्हणावे. भेटीच्या वेळी कूलर बंद करावा, नाहीतर डॉक्टरांना फक्त त्याचीच घरघर ऐकू येते.

भेट सुरू असताना

रुग्ण स्वतः कॅमेऱ्यासमोर असावा. मुलगा पुण्यात किंवा बंगळुरूमध्ये आणि आई-वडील मानेवाड्याला, अशी कितीतरी कुटुंबे आहेत, आणि मुले तिकडून फोन करून ‘बाबांना जरा ताप आहे, काहीतरी लिहून द्या’ असे सांगतात. रुग्ण हजर नसताना नातेवाइकाशी बोलायचे झाल्यास अधिकृत संमती किंवा नात्याची खात्री डॉक्टरांना करून घ्यावी लागते. त्यापेक्षा बाबांनाच तिघांच्या कॉलमध्ये घ्यावे. अल्पवयीन मुलासोबत मोठे माणूस असणे सक्तीचे आहे. सल्ला आपण होऊन मागितला की संमती गृहीत धरली जाते, पण भेट कोणत्याही क्षणी थांबवण्याचा हक्क दोन्ही बाजूंना असतो.

व्हिडिओ सुरू ठेवण्याचे एक व्यावहारिक कारण आहे. केवळ आवाजावर किंवा चॅटवर झालेल्या पहिल्या भेटीत डॉक्टरांना पॅरासिटामॉल, ओआरएस, घशाच्या गोळ्या अशी साधी औषधेच लिहिता येतात. पहिल्याच भेटीत त्यापुढचे औषध लिहायचे, तर ती भेट व्हिडिओवर व्हावी लागते. झोपेच्या आणि गुंगीच्या कित्येक गोळ्या अमली व मनोविकारी पदार्थांच्या कायद्याखाली येतात आणि त्या दूरस्थ सल्ल्यावर लिहिता येत नाहीत, तेव्हा त्यासाठी हुज्जत घालू नये. अँटिबायोटिकसाठीही घालू नये: सर्दी आणि बहुतेक घसादुखी विषाणूमुळे होते, तिथे अँटिबायोटिकचा उपयोग नाही, आणि ‘मागच्या वेळी याच गोळीने बरे वाटले’ हा पुरावा धरता येत नाही, कारण सर्दी तशीही आठवड्याभरात बरी होते.

भेट संपण्यापूर्वी तीन गोष्टी विचारून लिहून घ्याव्यात: किती दिवसांत उतार पडायला हवा, कोणते चिन्ह दिसल्यास प्रत्यक्ष जायचे, आणि पुन्हा याच डॉक्टरांशी कसे बोलायचे. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर डॉक्टर टाळत असतील किंवा ‘काही नाही, बरे वाटेल’ एवढेच म्हणत असतील, तर पुढच्या वेळी दुसरे डॉक्टर शोधावेत.

प्रिस्क्रिप्शन हाती आल्यावर

त्यावर डॉक्टरांचे नाव, नोंदणी क्रमांक, सही, तारीख आणि रुग्णाचे नाव-वय आहे ना, हे पाहून मगच औषधाच्या दुकानात जावे. जुलाबासाठी ओआरएस घेताना पाकिटावर जागतिक आरोग्य संघटनेचे सूत्र असल्याचा उल्लेख पाहावा. त्या सूत्रात न बसणाऱ्या गोड पेयांवर ‘ओआरएस’ हे नाव वापरण्यास अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२५ मध्ये मनाई केली आहे. मोठे पाकीट एक लिटर पाण्यात एकदमच विरघळवावे, चिमूटभर काढून पेल्यात टाकू नये. सहा महिन्यांवरील मुलाला जुलाब असतील तर सोबत झिंक चौदा दिवस द्यायचे असते, आणि जुलाब तिसऱ्या दिवशी थांबले म्हणून ते बंद करायचे नसते.

मुलांच्या खोकल्याच्या औषधाबद्दल नागपूरकरांना वेगळे सांगायला नको. सप्टेंबर-ऑक्टोबर २०२५ मध्ये शेजारच्या छिंदवाडा जिल्ह्यात डायइथिलिन ग्लायकोल मिसळलेल्या खोकल्याच्या औषधाने मुलांची मूत्रपिंडे निकामी झाली, आणि त्यांतील अनेकांना उपचारासाठी नागपुरातच आणले होते. त्यानंतर केंद्राने पुन्हा बजावले की दोन वर्षांखालील मुलांना सर्दी-खोकल्याची औषधे देऊ नयेत आणि पाच वर्षांखालील मुलांना ती सर्वसाधारणपणे सुचवली जात नाहीत. म्हणून व्हिडिओवर लहान मुलासाठी असे औषध लिहिले गेले, तर ते का हवे आहे हे विचारावे, आणि घरातली जुनी बाटली तर मुळीच काढू नये.

शुल्क भरल्यास पावती मागावी. विमा नियामकाने २०२० मध्ये विमा कंपन्यांना टेलिमेडिसिनचा समावेश करण्यास सांगितले आहे, परंतु ज्या पॉलिसीत मुळात ओपीडीचा खर्च धरलेला नाही तिथे त्याचे पैसे मिळत नाहीत, म्हणून अटी वाचाव्यात. रुग्णालयाचा क्रमांक इंटरनेटवर शोधून लावलेल्या फोनवर ‘अपॉइंटमेंटसाठी ही फाइल इन्स्टॉल करा’ किंवा ‘दहा रुपये या लिंकवर भरा’ असे कोणी सांगितले, तर फोन ठेवावा. पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनला कळवावे.

प्रिस्क्रिप्शन, रक्ताचे अहवाल आणि आपण लिहिलेला तो कागद एकाच ठिकाणी ठेवावा. सांगितलेल्या दिवसांत उतार पडला नाही, तर नव्या ॲपवर नवे डॉक्टर शोधून पहिल्यापासून सुरुवात करू नये. त्याच डॉक्टरांशी पुन्हा बोलावे किंवा ही फाइल घेऊन जवळच्या दवाखान्यात प्रत्यक्ष तपासून घ्यावे.